रिसालदार गल्लीतला पाहुणा

निपाणीनंतर एसटीत डोळा लागला तो थेट बेळगावातच उघडला. त्यामुळे वाटेचं वर्णन नाही.

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची. छताला लोंबणारं दगडी कमळ, त्याच्या 72 पाकळ्या. मोजायचा विचार होता, पण खाली उभं राहायला जागा मिळाली तर ना! फोटोसाठी ही झुंबड. चकचकीत खांबांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिथेच मशीद आहे, रामकृष्ण आश्रम आहे. चिडचिड झाली की मला काहीच नीट दिसत नाही, सगळं घाईत उरकलं.

रिसालदार गल्लीत मात्र मी रेंगाळलो. इथे वकील भाट्यांचं घर आहे. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद सकाळी सहाच्या सुमारास या दारात आले ते आमच्या कोल्हापुरातून, महाराजांचे खासगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन. शिकागो अजून व्हायचं होतं, म्हणजे दारातला माणूस नुसता एक अनोळखी संन्यासी. भगव्या कपड्यांत, पण अंगात बनियन. जेवण झाल्यावर त्यांनी पान-सुपारी मागितली, मग खायची तंबाखूही! घरचे चक्रावले. भाट्यांच्या मुलाने ही आठवण पुढे लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळतं. शाकाहारी की मांसाहारी, असंही विचारून झालं. परमहंस संन्याशाने समोर येईल ते खावं, नाही आलं तर उपाशी राहावं, असं उत्तर मिळालं.

हात बांधून उभे असलेले विवेकानंद मी शाळेच्या भिंतीवर इतकी वर्षं पाहिले की त्यांच्याशी बोलावंसं कधी वाटलंच नव्हतं. तंबाखू मागणाऱ्याशी वाटलं. स्मारकांत हे आधी सांगावं, जन्मतारखा मागाहून.

बेळगावातल्याच शहापूरच्या मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "वकिलाच्या घरात तंबाखू मागितली व्हय? धाडस म्हणायचं की!" मग जरा थांबून, "दिली का न्हाई त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी कपिलेश्वराचं देऊळ आणि टिळकवाडीतलं वीरसौध स्मारक पाहिलं. 1924 चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन इथलंच. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे.

निघताना मावशीने ताटलीत पुन्हा कुंदा वाढला. मला गोड फारसं चालत नाही. पण शहापुरात राहून कुंद्याला नको म्हणणाऱ्याला परमहंसाचाच नियम लावतात, फक्त त्यातला उपाशी राहायचा भाग सोडून.