रडार ब्लॉक: चोर श्रीखंडाच्या झाकणावर सापडला

मंडळी, समोरची गाडी पाहून वेग सांभाळणाऱ्या क्रूझ कंट्रोलसाठी माझ्या गाडीच्या बंपरमागे जे रडार आहे, ते पहाटे 'रडार ब्लॉक' अशी एरर देतं आणि क्रूझ बंद पडतं. मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पहाटे समृद्धीवर चिटपाखरू नसतं, रडारकडे परत काही येत नाही, म्हणून ते स्वतःला झाकलेलं समजून क्रूझ सोडून देतं. तो सिद्धान्त मागे घेतो. असं होतं हे खरं, पण माझी केस ती नव्हती. परवा दुपारी मुद्दाम नागपूरच्या शिवमडक्याहून चढलो, वर्ध्याच्या एक्झिटपर्यंत 110 वर क्रूझ लावून गेलो. रस्ता पहाटेइतकाच रिकामा, आणि एरर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तोच पट्टा धरला तर पंधराव्या मिनिटाला टिंग! निघण्याआधी बंपर बाहेरून मायक्रोफायबरनं पुसला होता, तरी.

सर्व्हिस सेंटरवाल्याचं एकच पालुपद: "सेन्सरच गेला असन भाऊ, बदलून टाका." किंमत इथे लिहीत नाही, बायको वाचते.

माझा पुढचा संशय रंगावर होता. मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपुरातली मिरवणूक) गर्दीत बंपर घासला होता, तेव्हा पुट्टी भरून सिल्व्हर मेटॅलिक मारून घेतलं होतं. 77 गिगाहर्ट्झची लाट जेमतेम 4 मिलिमीटरची. समोरच्या प्लॅस्टिकची जाडी तिच्या हिशेबानं ठरवलेली असते. वर पुट्टीचा थर आणि मेटॅलिकमधली धातूची चमकी आली की गणित बिघडणारच. मित्राचं जाडी मोजायचं गेज आणलं आणि दहा मिनिटं बंपरवर टेकवत बसलो. आकडाच येईना. मग ट्यूब पेटली, ते गेज पत्र्यावरच चालतं. हसा खुशाल. शिवाय दोष रंगाचा असता तर एरर दुपारीही आली असती.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीतले एररचे कोड वाचायचं यंत्र. ते निळं स्वस्त डोंगल घेऊ नका. इंजिनचे कोड वाचतं आणि गप्प बसतं, रडारच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही. शेवटी एका मेकॅनिक मित्राचा स्कॅनर उसना आणला. कोड तोच, 'रडार ब्लॉक'चा, पण त्यासोबत साठवलेली आकडेवारी मी पहिल्यांदा नीट पाहिली. पाच नोंदी होत्या. वेग वेगवेगळे, किलोमीटर वेगवेगळे. बाहेरचं तापमान मात्र पाचही वेळा 14 ते 17 च्या मधे. दुपारची एकही नोंद नाही.

म्हणजे दव! पण बाहेरचं दव मी पुसत होतो, उरलेलं वाऱ्यानं उडत होतं. मग पाणी आतच असणार.

शनिवारी बंपर उतरवला. चार क्लिपा तुटल्या (दोन जास्तीच्या आणून ठेवल्या होत्या, दोन कमी पडल्या). रडारच्या पुढ्यातलं झाकण काढलं आणि पाहतच राहिलो. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा पापुद्रा, खालच्या अर्ध्या भागात नखाएवढा जाड, वाळून भेगाळलेला. अगदी उन्हाळ्यातल्या शेतासारखा. खाली पाहिलं तर पेंटरनं इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा लावल्याच नव्हत्या. उरलेल्या पावसाळ्यातला सगळा चिखल तिथून आत उडालेला.

पण कोरड्या धुळीतून रडार बऱ्यापैकी पाहतं. मग ही माती सकाळीच का आडवी येते? आपली काळी माती पाणी किती धरून ठेवते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. आणि या लाटा गिळायला पाण्याचा पातळ थरही पुरतो. पटत होतं, पण डोळ्यांनी पाहायचं होतं.

म्हणून अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे तीन काटकोनी त्रिकोण कापून, लाट आली तिकडेच परत फेकणारा कोपरा जोडला, काटकोनाच्या दोन्ही बाजू 10 सेंटिमीटर. एवढासा दिसतो, पण रडारला तो सुमारे 27 चौरस मीटरचा भासतो, म्हणजे चांगल्या मोटारीपेक्षा मोठा. पुतण्याला तो हातात देऊन गल्लीत चालायला लावलं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात अंतर 8, 9, 10 मीटर असं सरकत गेलं. मग श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घेतलं (पॉलिप्रॉपिलीनच, बंपरसारखं), त्यावर तीच माती थापून वाळवली आणि रडारपुढे धरली. अंतर दिसतंय. कुंडीवर मारायच्या फवाऱ्यानं माती ओली केली आणि पुन्हा धरलं. आकडा गायब, नुसत्या रेघा! पुतण्या तिकडून ओरडतोय, "काका, अजून किती चालू?" आणि मी इकडे एकटाच नाचतोय.

सगळं धुऊन, वाळवून, क्लिपा लावून बंपर चढवला. सलग तीन पहाटा झाल्या, एकदाही एरर नाही. सेन्सर ठणठणीत आहे.

आता नवं लचांड. धुताना माझा हात रडारच्या ब्रॅकेटला लागला असावा. काल शेजारच्या लेनमधला ट्रक पाहून गाडीनं आपणहून ब्रेक मारला. एक अंशाचा फरक 100 मीटरवर पावणेदोन मीटर होतो, म्हणजे अर्धी लेन. अलाइनमेंट, म्हणजे रडारचा रोख सरळ करणं, आलंच. नागपूरजवळच्या बेसाला ताईच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मधोमध दोरा ताणून, तोच कोपरा समोर ठेवून स्क्रू फिरवायचा विचार होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, तिथे खांब, पाइप, उभ्या गाड्या. रडारला कोपऱ्याऐवजी भलतंच काहीतरी दिसायचं. त्यापेक्षा तिच्या लेआउटमधला मोकळा प्लॉट बरा. एका बाजूला तारेचं कुंपण आहे, तिकडे पाठ करून गाडी लावीन.

रडार डावी-उजवीकडे वळवणारा आडवा स्क्रू कोणी फिरवला असेल तर कुठल्या दिशेनं किती, ते रविवारच्या आत सांगा. ताईला फक्त जेवायला येतोय म्हणून सांगितलंय.