आगोटीच्या वहीतील यंदाची पाने

२० मे २०२५, मंगळवार

पहाटे मागील दार उघडले तेव्हा पागोळ्या गळत होत्या. रात्री गडगडाट झाला होता. पण वैशाखात वळवाची एखादी सर येऊन जाते आणि दुपारपर्यंत जांभ्याची जमीन तिचा मागमूसही ठेवत नाही, हे ठाऊक असल्याने मी कूस बदलून पुन्हा झोपले होते. उजाडल्यावर मात्र आभाळ खाली उतरलेलेच दिसले. अंगणात काल संध्याकाळी झाकून ठेवलेल्या आमसुलांच्या चटईवरचे प्लास्टिक पाण्याने मधोमध खोलगट झाले होते आणि त्या तळ्यात आंब्याची दोन पिवळी पाने तरंगत होती.

राजापूर तालुक्यातील या घरी कायमचे राहायला आल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षे, मी आगोटीची एक वही ठेवते. आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आला असताना करायची तयारी आणि बेगमी, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. घाटावरच्या मैत्रिणींना मात्र दरवर्षी सांगावे लागते. वहीतील क्रम ठरलेला आहे. अक्षय्य तृतीयेनंतर लाकडे फोडून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, रचायची, गोवऱ्या आणि पातेरा (वाळलेला पाला) आत घ्यायचा, पेंढ्याची उडवी ताडपत्रीने बांधायची, मग रातांबे (कोकमाची फळे), आंबापोळी, फणसपोळी, आठळ्या, आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कौले. कौले शेवटी ठेवण्याचे कारण वानरे. आंब्या-फणसाच्या दिवसांत ती छपरावरून सर्रास उड्या मारतात, त्यामुळे शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, लवकर उरकली तर तीच फुटकी कौले पुन्हा बदलावी लागतात. फळे संपून वानरे रानाकडे वळली की शिडी लावायची, आणि मृग नक्षत्र लागण्याच्या आधी पडवीला नारळाच्या विणलेल्या चुडतांचे झाप बांधून मोकळे व्हायचे, असा आमचा शिरस्ता आहे. आज वहीत लाकडांपुढे आणि पातेऱ्यापुढे खूण आहे. बाकी सगळी ओळ कोरी आहे.

रातांब्यांचे काम अर्ध्यावर अडकले आहे, याचे सर्वांत वाईट वाटते. परवा दोन हारे रातांबे उतरवून धुतले, आडवे कापले, बिया आणि गर वेगळा काढला, गराला मीठ लावून रस सुटू दिला आणि साली त्या रसात बुडवून पहिले पुट दिले. पुढचे काम उन्हाचे. दिवसभर वाळवायचे, संध्याकाळी पुन्हा रसात बुडवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळत घालायचे. अशी पाच-सहा पुटे झाली की साल जांभळी-काळी होते, चिवट होते आणि बोटांत दाबली तरी रस सोडत नाही. पहिल्या पुटानंतरची साल मात्र नुसती ओली, आंबट आणि बुरशीला आयते आमंत्रण देणारी असते. ती मी माजघरात पंख्याखाली पसरली. सासूबाईंनी येऊन पाहिले, दोन साली उलट्या केल्या आणि काही न बोलता परत गेल्या.

२४ मे, शनिवार

चार दिवस ऊन नाही. अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र वाढत गेले आणि आज दुपारच्या सुमारास त्याने रत्नागिरीजवळ किनारा ओलांडला. वीज काल रात्रीच गेली, त्याबरोबर पंखाही गेला. माजघरातील आमसुलांना आज पांढरी बुरशी दिसली. वरवरची असेल तर मिठाच्या पाण्याने धुऊन निभावते, म्हणून मी एक साल उचलून दिव्याजवळ धरली. बुरशीचे तंतू आतल्या बाजूच्या घडीपर्यंत गेले होते आणि वासही बदलला होता. दोन्ही हारे फणसाच्या बुंध्याशी नेऊन ओतले. हाताला लागलेला जांभळा रंग अजून निघालेला नाही.

शाकारणी न झालेल्या छपराखाली झोपणे ही एक निराळीच विद्या आहे. कोणत्या भांड्यात थेंब पडला की कसा आवाज येतो, हे दोन रात्रींत पाठ झाले. पितळी पातेले ओटीवर, ॲल्युमिनियमचे टोप माजघरात, प्लास्टिकची बादली देवघराच्या दाराशी. चौथी गळती नेमकी धान्याच्या कणगीवर निघाली, तेव्हा ह्यांनी रात्री अकरा वाजता शिडी आणली. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर पाय ठेवणे म्हणजे हातपाय मोडून घेणे, हे ते स्वतः दरवर्षी गड्यांना बजावतात. ते वर चढले नाहीत. आतूनच माळ्यावर जाऊन दोन रिपांच्या मध्ये पत्र्याचा तुकडा तिरका अडकवला आणि पाणी भिंतीबाहेर काढून दिले. कणगी वाचली.

२६ मे, सोमवार

मोबाइल गाडीत लावून चार्ज केला आणि बातमी वाचली. मोसमी पाऊस शनिवारी, २४ मे रोजी केरळात आला. तेथे त्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे आणि २००९ नंतर तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. काल त्याची सीमा देवगडापर्यंत, म्हणजे आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला लागूनच होती. आज तो मुंबईतही पोहोचला, जेथे त्याची अपेक्षा ११ जूनला असते. मुंबईतील याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती, १९५६ सालची. काल, २५ मे रोजी, पंचांगाप्रमाणे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला. रोहिणीचा पाऊस तुरळक पडावा, मातीचा वास उठावा आणि लोकांनी बी-बियाणे काढून ठेवावे, एवढीच आमच्याकडे त्याच्याकडून अपेक्षा असते. यंदा तो मृगाचे आणि आर्द्रेचे काम एकदमच करून बसला.

अंगणात सरळ बाजूंचा पत्र्याचा एक डबा ठेवला होता, त्यात सकाळी पट्टी बुडवली तर एका दिवसाचे पाणी नऊ सेंटिमीटर भरले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि आमचे छप्पर साधारण शंभर चौरस मीटरांचे. म्हणजे एका दिवसात नऊ हजार लिटर पाणी आमच्या डोक्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, गेले. गेल्या पंधरवड्यात विहिरीचा तळ दिसत होता आणि मी आंघोळीच्या पाण्यावरून घरात सर्वांशी वाद घालत होते, ही गोष्ट आज कुणी बोलून दाखवली नाही, यातच या घराचे सौजन्य आहे.

दुपारी थोडी उघडीप मिळाली म्हणून पऱ्यापर्यंत जाऊन आले. पाणी तांबडे, फेसाळ आणि वेगाचे होते. वाडीतील मुले बॅटऱ्या आणि जाळी घेऊन रात्रीची तयारी करीत होती, कारण चढणीचे मासे लागले आहेत. पहिल्या पुरात हे मासे अंडी घालण्यासाठी उलट्या दिशेने वर, शेताच्या चोंढ्यापर्यंत चढतात आणि नेमके त्याच वेळी उथळ पाण्यात हाताशी सापडतात. गाभोळीने भरलेला मासा रुचकर लागतो हे मी नाकारणार नाही. पण ज्या पऱ्यात मी लग्न होऊन आले तेव्हा टोपलीभर मिळत, त्यात आता मूठभर मिळतात आणि तरीही आपण तेवढेही सोडत नाही, हे दरवर्षी खटकते. हे मुलांना सांगितले, तर त्यांतल्या एकाने “काकू, तुमच्याकडे पण आणून देऊ” असे आश्वासन दिले.

परतताना पाखाडीच्या कडेला मखमली लाल मृगाचे किडे दिसले. ज्याच्या नावाने ते ओळखले जातात, ते नक्षत्र लागायला अजून तेरा दिवस आहेत.

१ जून, रविवार

पाऊस थांबला. तीन दिवसांपासून सरी विरळ होत होत्या, आज स्वच्छ ऊन आहे आणि अंगण वाफाळते आहे. विहिरीत पाणी पाच हात चढले आहे, रहाटाचा दोर त्या मानाने लांब वाटू लागला आहे. सकाळपासून राईतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पाहुणा वेळेवर आला. काजव्यांची मात्र यंदा चुकामूक झाली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऐनाच्या झाडावर ते एकसाथ लुकलुकतात, ते पाहायला मी दरवर्षी रात्री जेवणानंतर खुर्ची टाकून बसते. या वर्षी त्या सगळ्या रात्री भांड्यांतील पाणी ओतण्यात गेल्या. काल गेले तर झाडावर सात-आठच दिसले, तेही खालच्या फांद्यांना.

झाडावर उरलेले रातांबे उतरवले. पावसाने बरेचसे गळून चिखलात कुजले होते, जे मिळाले ते पाणी पिऊन फुगलेले आहेत. नेहमी पंचेचाळीस किलो फळांतून साधारण पाच किलो आमसुले होतात. यंदा एकूण फळेच बारा किलो भरली. फणसाचेही तेच. कापा पाणचट लागतो, बरक्याच्या रसाची पोळी ताटात थरथरते पण वाळत नाही. म्हणून फणसपोळीचा नाद सोडला आणि आठळ्यांवर लक्ष दिले. त्या धुऊन सावलीत सुकवायच्या, लाल मातीच्या कालवणात घोळायच्या आणि मातीचे कवच वाळले की कोपऱ्यात रचून ठेवायच्या. श्रावणात भाजीत घालताना कवच फोडले की आतली आठळी ताजी निघते. हे काम सासूबाईंचे. ब्याऐंशीव्या वर्षीही त्या प्रत्येक आठळी बोटांत फिरवून पाहतात आणि नखाचा ओरखडा असलेली बाजूला काढतात.

५ जून, गुरुवार

दोन दिवस कौले चाळली. गडी एकच मिळाला, कारण अख्ख्या तालुक्याला याच आठवड्यात कौले चाळायची आहेत आणि मजुरीही त्याच हिशेबाने चढली आहे. ह्यांनी आणि त्याने वर, मी खाली. एक एक कौल उतरवून माझ्याकडे येत होते. मी त्यावरचे शेवाळ काथ्याने घासायचे, मग अधांतरी धरून बोटाच्या पेराने ठोकायचे. धड कौल खणखणीत वाजते. ज्याला केसासारखी चीर गेली आहे ते डोळ्यांना धड दिसते, पण वाजवले की भदभदते. पहिल्या दिवशी मी तीन भदभदणारी कौले धड म्हणून वर पाठवली आणि तिन्ही पडवीतून सासूबाईंनी ऐकून परत मागवली. एकूण एकसष्ट कौले बदलली, चार रिपा नव्या ठोकल्या. एका वाशाचे टोक वाळवीने पोखरले आहे, ते दिवाळीनंतर पाहू.

शेजारचे थोरले काका बांधावर बसून हे सगळे पाहत होते. दरवर्षी ते रोहिणीत धूळवाफेवर भात पेरतात, म्हणजे कोरड्या, भाजावळ केलेल्या दाढीत (रोपांच्या वाफ्यात) बी टाकून ठेवतात आणि मृगाच्या पावसाने ते उगवते. यंदा दाढ भाजून तयार होती, पण पेरायच्या आधीच ती भिजली आणि राखेतली ताकद पाण्याबरोबर शेताखाली गेली. आता वर ऊन आणि खाली ओल, त्यामुळे भाताआधी तण वितभर उभे राहिले आहे. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाने मे महिन्यातच सांगितले होते. ते बरोबरच होते, पण तण कुणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही. “यंदा पावसाने आगोटच करू दिलीन नाय,” काका म्हणाले आणि विडीचे थोटूक बांधावर विझवून उठले. आता ते मोड आणलेले बी चिखलावर टाकणार आहेत. त्यांच्या हयातीत त्यांनी ते दोनदाच केले आहे, असे ते म्हणतात.

८ जून, रविवार

मृग लागला. पाऊस नाही. आकाशात पांढरे, निरुपयोगी ढग. पावशा सकाळपासून ‘पेरते व्हा’ म्हणतो आहे आणि पेरते झालेले लोक रोपांना घागरीने पाणी घालत आहेत. आम्ही पडवीला झाप बांधले. नारळाची चुडते आम्ही चैत्रातच विणून ठेवतो, तेवढे एक काम वहीतील क्रमाच्या आधी झालेले होते, म्हणून ते आज दोन तासांत आटोपले. झाप बांधल्यावर पडवीत हिरवट काळोख येतो आणि घर एकदम लहान होते; मला तो बदल आवडतो, ह्यांना वाचायला उजेड कमी पडतो.

आमसुलांचे आज पाचवे पुट. उन्हाने साथ दिली.

१४ जून, शनिवार

दोन दिवसांपासून पाऊस पुन्हा धरला आहे आणि आज तो खऱ्या ज्येष्ठातल्यासारखा, एका लयीत पडतो आहे. काकांचे बी चिखलात रुजले. हिरवे टोक बोटाच्या अर्ध्या पेराइतके वर आले आहे. आमसुले काल बरणीत भरली. तराजूत घातली तेव्हा सव्वा किलोला थोडी कमी भरली; त्यांतली पाव किलो पुण्याच्या नणंदेला, पाव किलो मुलीला, आणि उरलेली दिवाळीपर्यंत पुरवायची. बिया वेगळ्या वाळवल्या आहेत, पण त्या इतक्या थोड्या आहेत की यंदा कोकमाचे तेल काढण्यासाठी चूल पेटवावी की नाही, यावर सासूबाईंशी बोलायचे आहे.

वहीत पुढच्या वर्षीसाठी एक बदल लिहिला: कौले १० मेच्या आत. पुढे कंसात वानरे असेही लिहिले, कारण त्यांचे काय करायचे हे अजून सुचलेले नाही. लिहीत असतानाच ओटीवर टप् असा आवाज आला. पितळी पातेल्याचा नव्हे, कोरड्या फरशीचा. एकसष्ट कौलांत एक बासष्टावे राहिले आहे. पातेले जाग्यावर नेऊन ठेवले. गळती मुख्य वाशाच्या डावीकडे दुसऱ्या रांगेत आहे, एवढे खडूने भिंतीवर नोंदवून ठेवले आहे, म्हणजे उघडीप मिळेल तेव्हा शोधाशोध नको.