अंडं बंद, म्हणून रिपोर्ट नॉर्मल

फॉर्मवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं: अंगाला माशासारखा वास, लघवीतलं टीएमए-टीएमएओ. टीएमए म्हणजे ट्रायमिथाइलअमीन, माशाच्या वासाचं रसायन; टीएमएओ म्हणजे शरीराने त्याचंच केलेलं बिनवासाचं रूप. बाटली आली ती साध्या पिशवीतून, बर्फाशिवाय. पीएच पट्टी टाकली तर 7.

तिथेच नमुना परत करायला हवा होता. टीएमए उडून जाणारं. माशाला लिंबू-कोकम चोळलं की वास कमी होतो, तसंच आम्लात ते बांधलं जातं. म्हणून बाटलीत आधीच 6 नॉर्मल तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, पीएच 2 च्या खाली लागतो, आणि लगेच उणे 20 ला गोठवायचं. आमच्या काउंटरवर मात्र 'लघवी म्हणजे लघवी', शुगरची बाटली दिली की झालं!

वरून आलेल्या दट्ट्यामुळे तपासणी झाली. टीएमए आणि टीएमएओच्या बेरजेतला टीएमएओचा वाटा 90 टक्क्यांच्या वर, म्हणजे 'नॉर्मल'. पण एकूण बेरीजच नगण्य. फोन केला तेव्हा पेशंट मुलीची आई म्हणाली, "मॅडम, तीन महिने अंडं, सोयाबीन, मासळी सगळं बंद आहे. इंटरनेटवर वाचलं ना!"

अंडी-सोयाबीनमधलं कोलीन हे पोषकद्रव्यच पुरेसं पोटात गेलं नाही, तर आतड्यातले जिवाणू टीएमए बनवणार कशातून? एफएमओ3, म्हणजे टीएमएचं टीएमएओ करणारं एन्झाइम, पूर्ण निकामी असेल तर तेवढ्यातही पकडलं जातं, पण सौम्य दोष सुटू शकतो.

पुन्हा बोलावलं. पाळी संपून आठवडा झाल्यावर, कारण पाळीच्या आसपास काही जणींत टीएमए तात्पुरतं वाढतं. आधी लघवीचं कल्चर, जंतुसंसर्गातही टीएमए तयार होतं. अँटिबायोटिक आणि कोळशाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवल्या. रोजचं जेवण सुरू, त्यात दोन अंडी (एका मोठ्या अंड्यात कोलीन साधारण 150 मिलिग्रॅम). बांगडा नको म्हटलं. समुद्री मासळीत तयार टीएमएओ असतं, ते थेट लघवीत उतरून टक्केवारी फुगवतं. काही लॅब मुद्दाम मासळी खायला घालून तपासतात, पण मग त्यांचीच वेळ आणि त्यांचेच आकडे धरायचे. लघवी आधी स्वच्छ कपात, मग बाटलीत. थेट बाटलीत केली तर ॲसिड उडून भाजतं.

सगळं ऐकून मुलगी म्हणाली, "ताई, अंडी खाऊन मी लोकलने येऊ कशी?"

या प्रश्नाचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही. थर्माकोलचा डबा आणि आइस पॅक दिले, नमुना तिचा भाऊ आणून देणार आहे.