बन्नीतल्या मातीच्या भिंती आणि त्या लिंपणारे हात

बन्नीला जाणार असाल तर राहायची जागा ठरवताना फोटोंवर अजिबात जाऊ नका. कच्छच्या उत्तरेला, पांढऱ्या रणाच्या अलीकडे, आता जागोजागी गोल खोल्यांची रिसॉर्टं उभी राहिली आहेत. गवताचं निमुळतं छप्पर, भिंतीवर आरसे, दाराशी बाज. प्रत्येकाच्या जाहिरातीत 'इको' हा शब्द आहेच आणि 'मातीच्या घरात राहण्याचा अनुभव'सुद्धा. मी आणि माझी मावसबहीण अशाच एका ठिकाणी उतरलो आणि पहिल्याच रात्री माझं डोकं फिरलं. हा लेख त्या रागातून आणि दुसऱ्या दिवशी जे पाहिलं त्यातून लिहिते आहे.

भुजमधलं फिरणं इथे थोडक्यात उरकते : कच्छ एक्स्प्रेसनं गेलो, आयना महाल पाहिला, भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन, म्हणजे २००१ च्या भूकंपात गेलेल्यांचं स्मारक, पाहून दोघीही बराच वेळ गप्प होतो, संध्याकाळी हमीरसर तलावाच्या काठी बसलो. पुढचा मुक्काम बन्नीत. होडको गावाच्या समितीतर्फे चालणाऱ्या 'शाम-ए-सरहद'मध्ये राहायचं मनात होतं, पण आम्हाला हव्या त्या तारखांना जागा मिळाली नाही. म्हणून त्याच पट्ट्यातलं दुसरं एक ठिकाण घेतलं. दिवाळी तोंडावर आलेली, ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. मातीच्या खोलीत गारवा मिळेल एवढ्या आशेवर आम्ही तो रस्ता कापला.

खोलीत शिरले आणि भिंतीला पाठ टेकली तर ती तव्यासारखी तापलेली. बोटानं टकटक केलं. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, तिला मातकट रंगाचा डिस्टेंपर. आरशांची नक्षी साच्यातून काढलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसची, मागून चिकटवलेली. एका कडेला ती सुटून आली होती, तिथून मागचा पांढरा थर दिसत होता. गवत फक्त वरून. त्याखाली पत्रा आणि पत्र्याखाली फॉल्स सीलिंग. बाहेरून अस्सल कच्छी भुंगा, म्हणजे इथलं पारंपरिक गोल मातीचं घर, आणि आतून कुठल्याही शहरातली लॉजची खोली. एसी होता म्हणून झोप लागली असती, पण वीज गेली. दिवसभर तापलेल्या त्या भिंती मध्यरात्र उलटली तरी उष्णता ओकत होत्या.

तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरांनी धावत येऊन आमच्या बाजा अंगणात टाकून दिल्या, न मागता ताक आणून दिलं. मॅनेजरही आदबशीर होते. सकाळी मी विचारलं की मातीचं घर म्हणून पैसे घेता आणि माती कुठेच कशी नाही, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, खरी माती दरवर्षी लिंपावी लागते. एवढा मेंटेनन्स कोण करणार?"

हा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात घुमत राहिला.

आमचे ड्रायव्हर याच भागातले. रात्रीची हकिगत ऐकून म्हणाले, "बेन, खरं घर बघायचंय ना? माझ्या मासीकडे लिंपण चाललंय. चला." मुख्य रस्ता सोडून गाडी गांडा बावळच्या काटेरी जाळीतून आत गेली आणि मेघवाळ वस्तीतल्या एका अंगणाशी थांबली. एकाच उंच ओट्यावर तीन भुंगे, मध्ये स्वच्छ सारवलेली मोकळी जागा. मासी साठीच्या आसपासच्या असाव्यात. त्यांनी चिखलाचा हात तसाच वर करून आम्हाला आत जायची खूण केली.

आत पाऊल टाकताक्षणी फरक कळला. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत गार, अंधूक, शांत. दाराच्या कडेला हात लावून भिंतीची जाडी पाहिली. बोटांपासून जवळजवळ कोपरापर्यंत. अशा जाड भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा गार व्हायला लागलेली असते. छपरालाही गवताचा जाड थर. खिडक्या लहान आणि खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीला, म्हणजे वारा नेमका अंगावर येतो. वर पाहिलं तर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत आडवं लाकूड, त्यावर मधोमध उभा खांब आणि त्याच्या टोकावर साऱ्या वाशांचा भार. छपराच्या कडा भिंतीबाहेर चांगल्या खाली उतरलेल्या, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीवर न पडता लांब पडतं. मातीच्या भिंतीला खरी भीती पाण्याची, आणि तिची काळजी छपरानं घेतलेली.

या गोलाईला इतिहास आहे. १८१९ साली कच्छला मोठा भूकंप झाला. त्यात सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि रणात जमीन वर उचलली जाऊन 'अल्लाह बंद' नावाचा लांबच लांब बांध तयार झाला. त्यानंतर इथल्या लोकांनी गोल घराचा आकार धरला असं सांगतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमध्ये १३,००० हून अधिक माणसं गेली, भुज-भचाऊकडे दगडमातीची चौकोनी घरं आणि काँक्रीटच्या इमारतीही कोसळल्या. पण नीट बांधलेले, निगा राखलेले भुंगे मोठ्या प्रमाणात टिकले. चौकोनी घराचे कोपरे हादऱ्यात फाटतात. गोल भिंतीला कोपराच नाही, त्यामुळे धक्का चौफेर वाटला जातो. शिवाय डोक्यावर स्लॅबचं ओझं नसतं. पडलंच तरी गवत आणि वासे पडतात. मासींना भूकंपाचं विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मडकी फुटली. घर उभं होतं."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

अंगणाच्या कोपऱ्यात एक ढीग पाण्यात भिजत घातला होता. मला वाटलं, नवी माती आणली असेल. जवळ जाऊन पाहिलं तर त्यात पांढुरक्या पोपड्यांचे तुकडे होते, एक-दोन तुकड्यांवर जुन्या नक्षीच्या रेघाही दिसत होत्या. पावसात भिंतीचा जो गिलावा सुटला होता, तो खरवडून, गोळा करून त्यांनी पुन्हा भिजवला होता. त्यातले आरसे आधी काढून, धुऊन एका वाटीत ठेवलेले. भिजलेल्या मातीत तलावाची थोडी नवी माती आणि चाळलेलं शेण घालायचं, तुडवायचं आणि पुन्हा त्याच भिंतीवर चढवायचं. म्हणजे टाकायला काहीच उरत नाही. मी विचारलं, ही माती किती वर्षांची? मासी हसल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही सासू हीच माती कालवत होती.

मी हात धुऊन त्यांच्याशेजारी बसले. शेण इतकं बारीक चाळलं होतं की त्याला वाळक्या गवताचा वास सोडला तर दुसरा वास नव्हता. त्यातले गवताचे तंतूच वाळताना मातीला तडकू देत नाहीत. मासींनी एक गोळा घेऊन दोन तळव्यांत वळला, पेन्सिलीएवढी लांब वळी केली आणि हवेत उभी धरली. वळी मधूनच तुटली. त्यांनी काही न बोलता अजून एक ओंजळ शेण घातलं, पुन्हा मळलं, पुन्हा वळी केली. या वेळी ती बोटाभोवती वळली तरी तुटली नाही. मग भिंतीवर पाण्याचा हात फिरवून ती तिथे चिकटवली, दोन बोटांनी दाबली, कडेला दुसरी, आणि दोन वळ्यांच्या मधे वाटीतला जुनाच आरसा बसवला. सगळं नजरेच्या अंदाजानं, आधी रेघ न आखता. वाळल्यावर वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, की झालं लिंपणकाम. आत धान्याची कोठीही याच मातीची, पाण्याची मडकी ठेवायचा पाणियाराही तसाच. एका पदार्थातून भिंत, कपाट आणि शोभा.

मला नुसतं सारवायला दिलं, ओट्याची एक कड. माझ्या बोटांच्या कमानी वाकड्यातिकड्या आल्या म्हणून मासींच्या सुनेनं माझं मनगट धरून हात फिरवून दाखवला. कामाचा वेग खांद्यातून येतो, बोटांतून नाही, हे तेव्हा कळलं. अर्ध्या तासात कंबर भरून आली.

आणि इथेच नैसर्गिक साहित्याचं कौतुक करणाऱ्यांनी थांबून पाहायला हवं. हे काम सगळं बायकांचं आहे. घरातलं, गुराढोरांचं सांभाळून, पाणी आणून, वर तीन भुंगे आणि अख्खं अंगण. मासींचे गुडघे दुखतात. सुनेनं स्पष्ट सांगितलं, तिला पक्कं घर हवंय. शेजारी सरकारी योजनेतून बांधलेली एक चौकोनी पक्की खोली होतीच. त्यात मोटरसायकल आणि गाद्यांची रास, कारण उन्हाळ्यात तिथे कोणी झोपू शकत नाही. तरी तिला ती हवी, कारण ती लिंपावी लागत नाही. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. छपराचे वासेही आता गवताच्या दोरीनं न बांधता नायलॉनच्या दोरीनं बांधले होते. गवताची दोरी वळायला वेळ कुणाला आहे?

पण मग मॅनेजरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोरच बसलं होतं. "मेंटेनन्स कोण करणार?" या बायका करणार! त्यांना हे काम जगात कुणाहीपेक्षा चांगलं येतं. घरी त्याचा एक पैसा मिळत नाही. पर्यटकांकडून 'मातीच्या घराचे' पैसे घेणाऱ्या प्रत्येक रिसॉर्टनं दरवर्षी दिवाळीआधी त्यांना चांगल्या रोजावर बोलवायला काय हरकत आहे? सिमेंटची भिंत एकदा बांधून मोकळं होता येतं, आणि त्या मोकळं होण्यातच या बायकांचा रोजगार बुडतो. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे तो आहेच, पण बन्नीत मला त्याहून जवळचं नुकसान हे दिसलं.

काही जण मधला मार्ग म्हणून मातीतच सिमेंट मिसळतात. दाबून केलेल्या मातीच्या विटांमध्ये साधारण ५ टक्के सिमेंट घालतात, आणि जिथे पाऊस जोराचा तिथे ते समजण्यासारखं आहे. पण अशी माती पुन्हा भिजवून पहिल्यासारखी होत नाही. फुटली की तिचा राडारोडा होतो. त्याहून वाईट म्हणजे जुन्या मातीच्या भिंतीवर चढवलेलं सिमेंटचं प्लास्टर. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि वरचा थर एक दिवस पापुद्र्यासारखा सुटतो. परतताना रस्त्यावर असं एक घर पाहिलं. भुजमधल्या हुन्नरशाळेसारख्या संस्था भूकंपानंतर मातीच्या बांधकामाचे स्थानिक कारागीर हाताशी धरून काम करत आल्या आहेत. तेव्हा माहीतगार माणसं मिळत नाहीत ही सबब निदान कच्छमध्ये तरी चालत नाही.

रण त्या दिवशी पाहिलं. पाणी पुरतं ओसरलं नव्हतं, मीठ धरायचं होतं, म्हणून गर्दीही नव्हती. भिरंडियाराचा मावा मात्र खाल्ला आणि तो उत्तम होता.

एक तक्रार अजून. वाटेवरच्या दुकानांत 'लिपन आर्ट'च्या गोल चकत्या टांगलेल्या असतात. उलटून पाहा : मागे एमडीएफचा बोर्ड, वर तयार क्ले आणि रासायनिक डिंक. शहरात घर सजवायला घ्या हवं तर, पण मातीची कला म्हणून घेऊ नका.

शेवटचा दिवस कुकमा आणि अजरखपूरला दिला. कुकम्याच्या 'खमीर' या हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थेत 'काला कॉटन' हाताळलं. फक्त पावसावर येणारा हा कच्छचा जुना देशी कापूस. आखूड धाग्याचा, म्हणून सूत थोडं खडबडीत, आणि मला ते तसंच आवडलं. अजरखपूर हे अजरख, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांचं गाव, आणि ते गावच २००१ नंतर वसलं. त्यांच्या जुन्या गावच्या, धमडक्याच्या, पाण्यात भूकंपानंतर लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून खत्री कारागिरांनी चांगल्या पाण्यासाठी गाव हलवलं. गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगाचं पिंप तिथे झाकण उघडून दाखवलं. वास उग्र, पण कापडावर उतरलेला काळा बघत राहावा असा. हिरडा, नीळ, तुरटी, चिंचोक्याचं पीठ, सगळं ओळखीचं.

घरी आल्यावर मी बन्नीतल्या बऱ्याच ठिकाणी फोन केले. सगळ्यांना तेच विचारलं : भिंती आतून कशाच्या आहेत, दरवर्षी कोण लिंपतं, आणि त्यांना रोज किती देता? बहुतेकांनी एसी आहे, गिझर आहे, स्विमिंग पूल होतोय असं सांगितलं. एकानं फोनच ठेवला. एका ठिकाणच्या गृहस्थांनी मात्र विचारलं, "तुम्ही बांधकामवाल्या आहात का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "भिंती मातीच्या. पावसाळा संपला की गावातल्या बायका येतात, रोजावर. आठ-दहा दिवस खोल्या बंद ठेवतो, तेव्हा बुकिंग घेत नाही." रोज किती तेही सांगितलं आणि वर बजावलं की एसी नाही. फेब्रुवारीच्या दोन रात्री तिथे बुक केल्या आहेत. मावसबहिणीला अजून सांगितलेलं नाही.