सुट्टीच्या दिवशीचा सराव
आज भाचीसोबत दहा मीटरच्या शूटिंग रेंजवर गेलो होतो. एअर पिस्तूल फार तर दीड किलोचं, पण एका हाताने धरून उभं राहिलं की खांदा लगेच भरून येतो. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? साडेअकरा मिलिमीटर! नेम डोळ्याने धरायचा असं मला वाटायचं. तिथले सर मात्र सारखे बोटाबद्दलच बोलत होते. चाप हळू, सरळ मागे. झटका दिला की छर्रा भरकटलाच.

शेजारी एक हवालदार सराव करत होते. सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चाने! म्हणाले, "खात्यात गोळ्या मोजून मिळतात हो. आणि इथं निवांत उभं राहून मारणं वेगळं, धावून दम लागल्यावर गर्दीत मारणं वेगळं. तिथं तर मारायची की नाही, हेच आधी ठरवावं लागतं."

२६/११ ला सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. पुढे फोर्स वन ही महाराष्ट्र पोलिसांची कमांडो तुकडी उभी राहिली, चांगलंच झालं. पण चौकीतल्या साध्या शिपायाने सराव कुठे करायचा? माझ्या शेजारच्या लेनमध्ये, पदरचे पैसे भरून?