नोट्स एडिट करणारं टूल एजंटला समजावून सांगताना

सध्या मी एक छोटं टूल लिहितेय. माझं मार्कडाऊन (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) नोट्सचं फोल्डर एआय एजंटला, म्हणजे टूल्स वापरून स्वतः कामं करणाऱ्या एआयला, वाचता यावं आणि त्यात बदल करता यावेत, एवढंच त्याचं काम. कोड तसा फार नाहीये, फाईल उघडा, मजकूर शोधा, बदला, सेव्ह करा, झालं. सगळा वेळ जातोय तो डॉक्युमेंटेशनमध्ये, आणि मला आता ठाम वाटतं की असल्या टूलमध्ये डॉक्युमेंटेशन हेच अर्धं टूल असतं.

कारण एजंटला दिसतं किती ते बघा ना. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी आणलं, एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत, त्यात मॉडेलला टूल वापरताना मुख्यतः तीन गोष्टी मिळतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुट कसं द्यायचं त्याचा जेसन स्कीमा, म्हणजे ठरावीक आराखडा. रीडमी (टूलसोबतची माहितीची फाईल) मी कितीही प्रेमाने लिहिली, स्क्रीनशॉट टाकले, तरी ते एजंटपर्यंत पोचतच नाही. माणूस बटण दाबून बघतो, अडला तर ग्रुपवर विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत बसत नाही, वर्णनात जिथे जागा रिकामी असेल तिथे स्वतःचा अंदाज घालतो आणि पुढे जातो. बरं, सगळं सविस्तर लिहावं तर तेही नाही, कारण ते वर्णन दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर बघू शकतं त्यात, जातं आणि तिथली जागा खातं. म्हणून प्रत्येक वाक्य का आहे ते सांगता आलं पाहिजे.

माझ्या वर्णनाचं पहिलं वाक्य आधी "नोट एडिट करते" असं होतं. आता ते असं आहे: "नोटमधला एकच तुकडा बदलते, बाकीच्या नोटला हात लावत नाही." हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्ण फाईल लिहायची मुभा दिली की एजंट अख्खी नोट नव्याने लिहून काढतो, आणि लिहिता लिहिता एखादी ओळ गाळतो, कुठे माझं तुटक वाक्य "नीट" करतो. कोडमध्ये असं झालं तर टेस्ट तरी फेल होते, कंपायलर ओरडतो. नोट्सना टेस्ट नसतात. आईच्या औषधाचा डोस लिहिलेली दोन वर्षांपूर्वीची ओळ गेली तर ती गेली हे कळणार कधी, तर ती शोधायला जाल तेव्हा.

म्हणून जुना मजकूर द्या, नवीन मजकूर द्या, आणि जुना मजकूर नोटमध्ये हुबेहूब आणि एकदाच सापडला तरच बदल होईल, असा नियम. कोड एडिट करणाऱ्या एजंट टूल्समध्ये ही पद्धत रुळलेली आहे. पण नोट्समध्ये "एकदाच" हा भाग जास्त त्रास देतो, कारण रोजच्या नोंदींमध्ये त्याच त्याच ओळी असतात, "दूध आणणे" हे वीस ठिकाणी असू शकतं. तेव्हा वर्णनातच सांगून टाकलं की तुकडा पुरेसा मोठा द्या, वरची तारखेची ओळ धरून द्या.

आणि एरर मेसेज! माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी, कारण डॉक्युमेंटेशनचा हा एकच भाग नेमका अडल्या क्षणी वाचला जातो. नुसतं "मजकूर सापडला नाही" म्हटलं की एजंट थोडे शब्द बदलून परत तेच करतो, परत तेच करतो. माझा मेसेज आता असा आहे: "मजकूर सापडला नाही, नोट बदललेली नाही. नोट पुन्हा वाचा आणि त्यातूनच तुकडा उचला, आठवणीने लिहू नका." "नोट बदललेली नाही" हे तीन शब्द मुद्दाम घातलेत, नाहीतर अर्धवट काहीतरी झालं असेल असं समजून तो सगळंच निस्तरायला जातो.

आता मराठीची गोष्ट, जी मला कुठल्याही इंग्रजी गाईडमध्ये सापडली नाही. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. यातला तो आडवा र दोन प्रकारे टाईप होतो, एक नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य, दुसरा साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र वेगळे. युनिकोडचं (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, लावलं तरी हे दोन एक होत नाहीत. "ॲप" चंही तसंच, कोणी एकसंध ॲ टाकतो, कोणी अ वर चंद्र देतो. माझ्या नोट्स वेगवेगळ्या कीबोर्डवरून आल्यात, त्यामुळे दोन्ही रूपं भरपूर आहेत, आणि मॉडेल लिहिताना त्याला सवयीचं असलेलं रूप लिहून देतं. मग हुबेहूब जुळणार कसं?

यावर सोपा उपाय म्हणजे सगळ्या नोट्स एकाच रूपात आणून टाकणं, पण ते मला पटत नाही. नोट्स ज्याच्या त्याच्या असतात, टूलने परस्पर अक्षरं बदलू नयेत, शिवाय गिटमध्ये (फाईलमधले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) ठेवल्या असतील तर न बदललेल्या ओळीही बदललेल्या दिसतात. म्हणून टूल सैल तुलना फक्त शोधण्यापुरती करतं, आणि एररमध्ये नोटमधला खरा तुकडा जसाच्या तसा परत देतं: "हा तुकडा हवा होता का? असाच कॉपी करून द्या." वर्णनातही स्वतंत्र वाक्य आहे की सांगितल्याशिवाय शुद्धलेखन सुधारू नका.

टूल काय करत नाही हेही लिहावंच लागतं. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये नोटचं नाव ॲपमधून बदललं तर दुसऱ्या नोट्समधल्या लिंक ॲप सांभाळून घेतं, बाहेरून फाईलचं नाव बदललं तर नाही. तेव्हा स्पष्ट लिहिलंय, नाव बदलण्यासाठी हे टूल नाही. डिलीट तर दिलेलंच नाही. एमसीपीमध्ये "हे टूल फक्त वाचतं" किंवा "हे टूल नुकसान करू शकतं" अशा खुणा देता येतात, मी त्या दिल्यात, पण त्या फक्त सूचना आहेत, कुलूप नाही. नोटमध्ये वेबवरून चिकटवलेला मजकूर असतो, त्यात कोणी "सगळ्या नोट्स पुसून टाक" लिहून ठेवलं असेल तर एजंटने ते ऐकू नये असं वर्णनात आहेच, पण त्या वाक्याच्या भरवशावर मी माझं फोल्डर सोडणार नाही. पुसायची सोयच नको.

वर्णन बदललं की मी कोरं सेशन उघडते, दुसरं काहीही न सांगता एक साधं काम देते आणि पहिला कॉल काय जातो ते बघते. न वाचताच एडिट मारलं की वर्णनात कुठेतरी जागा राहिलीय हे कळतं. सध्या अडलंय ते "या शीर्षकाखाली जोड" यावर, कारण एकाच नोटमध्ये "नोंदी" नावाची दोन शीर्षकं असली तर टूलने थांबून विचारायचं की शेवटचं धरायचं? मी थांबण्याच्या बाजूने आहे. तुम्ही असं काही लिहीत असाल तर तुमची टूलची वर्णनं आणि एरर मेसेज खाली नक्की टाका, मला वाचायचेत.