झाड आपल्या वेळी फुलते

प्रेम, वियोग, आठवण आणि निसर्ग हे चार विषय कवितेत आणि कथेत इतक्यांदा हातात हात घालून येतात की, ते एकत्र का येतात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कुणी दूर गेले की आभाळ भरून येते, कुणी परतले की मोहोर फुटतो, आणि कुणी कायमचे गेले की पाने गळू लागतात. अशा कविता आणि कथा मी आवडीने वाचत आलो आहे आणि जमतील तशा लिहीतही आलो आहे. या वाचनातून माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. निसर्ग आपल्या दुःखात सहभागी होतो म्हणून तो अशा लेखनात लागतो, असे आपण मानतो; प्रत्यक्षात तो सहभागी होत नाही, म्हणूनच त्याच्यावाचून अशा लेखनाचे चालत नाही.

विरह आणि शोक यांत आपल्या जुन्या काव्यशास्त्राने एक फार नेमकी रेषा ओढलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांतला भेद सांगितला आहे. विप्रलंभात, म्हणजे विरहात, ओढ असते, चिंता असते, पण पुन्हा भेटण्याची अपेक्षा सुटलेली नसते, म्हणून तो भाव सापेक्ष. करुणात ती अपेक्षाच संपलेली असते, म्हणून तो निरपेक्ष. वरकरणी अश्रू तेच, उसासेही तेच, तरी दोन्हींची जात वेगळी. या भेदाकडे लक्ष ठेवून कविता वाचू लागले की, निसर्गाशी बोलण्याची पद्धतही दोन्हींत किती बदलते हे दिसू लागते.

कालिदासाच्या मेघदूतातील, शापामुळे पत्नीपासून दुरावलेला यक्ष ढगाशी बोलतो ते अपेक्षेच्या बळावर. त्याचा शाप एका वर्षाचा आहे, त्यातले चार महिने उरले आहेत, आणि हे चार महिने डोळे मिटून काढ असा निरोप तो पत्नीला धाडतो. शापाच्या शेवटाची तिथी त्याला ठाऊक आहे. म्हणून वाटेतल्या नद्या, डोंगर, नगरे यांचे इतके सविस्तर वर्णन करण्याइतका धीर त्याच्यात उरला आहे. इंदिरा संत यांच्या ‘नको नको रे पावसा’ या कवितेतील स्त्रीही अशीच पावसाशी बोलते. आधी ती त्याला धिंगाणा घालू नकोस म्हणून विनवते, कारण घर मोडके आहे आणि दारात सायली आहे. पुढे मात्र तीच त्याला धावत जाऊन वाटेवरच्या सख्याला मागे फिरवायला सांगते आणि तेवढे केलेस तर मग कितीही धिंगाणा घाल, असा सौदा करते. संतांचे पती १९४६ साली निवर्तले हे ज्याला माहीत आहे, त्याला हा सौदा ऐकताना कविता अधिकच जड होते. पण कवितेतली स्त्री अजून सौदा करू शकते, पावसाला काम सांगू शकते. जोवर अपेक्षा आहे तोवर निसर्गाला निरोप्या करता येते. अपेक्षा संपली की ढगाला द्यायला निरोपच उरत नाही. मग निसर्गाचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न असतो, आणि शोकाची बरीचशी कमकुवत कविता तिथेच घसरते. ती निसर्गाला रडायला लावते.

रडणारा पाऊस मला खरा वाटत नाही याचे कारण अगदी साधे आहे. ज्याचे माणूस गेले आहे त्याला नेमके हेच बोचत असते की बाहेर काहीही थांबलेले नाही. उन्हे नेहमीच्या वेळी भिंतीवर आली, पक्षी नेहमीच्या फांदीवर बसले, कालची कळी आज उमलली. सारे जग आपल्यासोबत शोक करते आहे असे लिहिले की वाचकाचे सांत्वन होते खरे, पण त्या दिवसाची खरी जखम झाकली जाते.

ही गोष्ट दोन ओळींत कशी सांगता येते ते पाहायचे असेल तर गाथासप्तशतीकडे जावे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे ७०० गाथांचा हा संग्रह आहे. त्याच्या पहिल्याच शतकात एक गाथा अशी आहे : साळीची शेते पांढुरकी होऊ लागली म्हणून तू मान खाली घालून का रडतेस? तिकडे तागाची वाडी बघ, तोंडाला पिवळा हरताळ माखलेल्या नटीसारखी दिसू लागली आहे. गाथा एवढीच. पिकलेली साळ आता कापली जाणार, म्हणजे प्रियकराला भेटण्याची आडोशाची जागा जाणार. पण त्याच सुमारास ताग पिवळ्या फुलांनी भरला आहे, म्हणजे दुसरा आडोसा तयार झाला आहे. भेटीचा, प्रियकराचा, भीतीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. शेतकऱ्याला सुगीचा आनंद ज्या दिवशी होतो त्याच दिवशी या मुलीवर संकट कोसळते, आणि साळीला या दोघांपैकी कुणाचेच काही पडलेले नाही. ती पिकण्याच्या वेळी पिकली. तागही कुणाची सोय पाहून फुलला नाही. प्रेमाची सगळी घालमेल दोन पिकांच्या वेळापत्रकांमध्ये सापडली आहे, आणि म्हणूनच ही गाथा आजही ताजी वाटते.

शोकाच्या बाबतीत मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गातील अजविलापाचा, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर अज राजाने केलेल्या विलापाचा. अज आणि त्याची राणी इंदुमती नगराबाहेरच्या उपवनात असताना आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्याने उडते, इंदुमतीच्या छातीवर पडते आणि तिचा प्राण जातो. फुले जर आयुष्य हिरावून घेऊ शकतात, तर मारण्यासाठी दैवाला आणखी कोणते साधन अपुरे पडेल, असे अज विचारतो. विलापात पुढे पुष्कळ काही आहे, पण मी थांबतो तो उपवनातल्या झाडांपाशी. आंबा आणि प्रियंगूची वेल यांचे लग्न लावायचे इंदुमतीने ठरवले होते. ते न लावताच तू निघालीस हे बरे नव्हे, असे अज म्हणतो. बकुळीच्या फुलांची मेखला दोघे मिळून गुंफत होते. ती अर्धीच राहिली आहे. आणि मग अशोक. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो असा कविसंकेत आहे. इंदुमतीने त्याची ती इच्छा पुरवलेली आहे. अज म्हणतो, आता या अशोकाला जी फुले येतील, जी तुझ्या केसांत माळायची होती, ती मी तुला तिलांजलीच्या वेळी कशी वाहू?

या श्लोकातली क्रिया भविष्यकाळात आहे, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. फुले अजून आलेली नाहीत. झाडाला जे मिळायचे होते ते मिळाले आहे, आत काहीतरी सुरू झाले आहे, आणि ते आता कुणाच्या मृत्यूने थांबणार नाही. ज्या स्पर्शाने ते सुरू झाले तो हात, तो पाय आता नाही. अजाचे सारे दुःख त्या फुलांच्या येण्यात आहे, आणि ते येणे त्याला टाळता येत नाही. अशोकाने शोक केला, पाने गाळली असे कालिदासाने म्हटले असते तर हा श्लोक इतर शेकडो श्लोकांत हरवून गेला असता. येथे झाड निर्दोष आहे आणि आपल्या कामात आहे.

माझ्या वडिलांची बागेची एक वही होती. तिच्यात भावनेचा एकही शब्द नाही. अनंताला कळी. लिंबाला आळे केले. जास्वंदीवर मावा, कडुनिंबाचे पाणी मारले. शेवटची नोंद आहे : रातराणी छाटली. त्यानंतरची पाने कोरी आहेत. रातराणीला मात्र छाटणीच्या जागेखालच्या डोळ्यांतून फुटवे आले, ते वाढले, आणि पुढे तिला त्यांच्या हातच्या छाटणीमुळे नेहमीपेक्षा जास्त फुले आली. मी त्यांच्यावर लिहिण्याचा प्रयत्न करतो तेव्हा विशेषणे सुचतात आणि ती मी खोडतो, कारण त्या वहीतल्या नोंदींपुढे ती पोकळ वाटतात. ‘रातराणी छाटली’ या दोन शब्दांत एक माणूस सकाळी कात्री घेऊन उभा आहे आणि पुढच्या बहराची तजवीज करतो आहे. त्याला जे माहीत नाही ते वाचकाला माहीत आहे. याहून अधिक काही सांगायला गेले तर त्यातून कमीच होते.

इतका संयम मराठी कवितेने पूर्वीच दाखवलेला आहे. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घ्यावी. हिरवाळीतून वाहणारा निळासावळा झरा, टेकडीकडे चिमुकले गाव, शेतमळे, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट. ती पायवाट काळ्या डोहाकडे जाते, आणि तिथे पाण्यात पाय टाकून औदुंबर बसला आहे. ‘मी’ हा शब्द नाही, ‘दुःख’ हा शब्द नाही, कुणी गेल्याचा उल्लेख नाही. तरीही हिरव्या रंगापासून काळ्या डोहापर्यंतचा तो प्रवास वाचल्यावर मनावर जो भार येतो, तो आणणारा एकही शब्द बोट ठेवून दाखवता येत नाही. बालकवी १९१८ साली, ऐन तारुण्यात रेल्वेच्या अपघातात गेले. त्यांच्या मरणाचा उजेड या कवितेवर पाडून ती वाचण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो टाळावासा वाटतो, कारण डोह आणि झाड यांना कुणाच्याही चरित्राची गरज नाही.

कवितेला हे साधते, कारण तिला एक क्षण पुरतो. कथेचे तसे नाही. कथेत काळ सरावा लागतो आणि तो सरल्याचे वाचकाला जाणवावेही लागते. ‘तीन वर्षे लोटली’ असे लिहिले की माहिती मिळते, काळ मिळत नाही. शोकाच्या कथेत निसर्गाचे दुसरे मोठे काम असते ते हेच. कथेतल्या माणसाने कोयीतून रुजवलेले आंब्याचे रोप आणि त्यानेच आणून लावलेले कलम यांत लेखकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे : कलमाला थोड्या वर्षांत फळ धरते, कोयीचे झाड त्याहून पुष्कळ जास्त वाट पाहायला लावते. लावणारा गेल्यावर पहिले फळ केव्हा खाल्ले जाते, ते कोण खाते, तोवर घरातले कोण मोठे झाले आणि कोण घर सोडून गेले, हे सारे त्या एका निवडीवर अवलंबून राहते. झाडाचे नुसते नाव घालून भागत नाही. त्याचा स्वभाव माहीत असावा लागतो. प्राजक्त रात्री उमलून पहाटेपर्यंत ढाळतो, बकुळीचे फूल सुकल्यावरही वास धरून राहते. एक झाड एका रात्रीच्या कथेचे आहे आणि दुसरे वर्षानुवर्षे पुरणाऱ्या कथेचे. हे ध्यानात न घेता केवळ नाव गोड म्हणून प्राजक्त घालणाऱ्या कथा मी अर्ध्यावर सोडून देतो.

आठवणीबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आठवण म्हणजे जपून ठेवलेले चित्र नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मन ती नव्याने रचते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात प्रयोगांच्या आधारे मांडले, आणि नंतरच्या संशोधनाने ते अधिकच दृढ केले. म्हणजे गेलेल्या माणसाचा चेहरा आपण जितक्यांदा आठवतो तितक्यांदा तो थोडा थोडा आपला होत जातो आणि त्याचा कमी होत जातो. ही गोष्ट मला भयंकर वाटते. झाड, वाट, पाण्याचा रंग यांच्याकडे लेखक पुन्हा पुन्हा परततो यामागे हीही एक निकड असावी. ते बाहेर आहेत. आपल्या इच्छेप्रमाणे बदलत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन आपली आठवण ताडून पाहता येते.

अजविलापानंतर कालिदासाने जे केले आहे ते कथा लिहिणाऱ्याने मन लावून वाचावे. यज्ञात गुंतलेले वसिष्ठ शिष्याकरवी उपदेश पाठवतात : मरण ही देहधाऱ्याची प्रकृती आहे, जगणे हीच विकृती. उपदेश थोर आहे. अज तो मान्य करून शिष्याला निरोप देतो, पण शोकाने भरलेल्या त्याच्या हृदयात त्या शब्दांना जागाच मिळत नाही आणि ते जणू गुरूकडेच परत जातात. पुढची आठ वर्षे कवीने एकाच श्लोकात उरकली आहेत. मुलगा दशरथ लहान आहे म्हणून अज ती कशीबशी काढतो. तिच्यासारखे दिसणारे काही, तिचे चित्र आणि स्वप्नातली क्षणभराची भेट यांवर दिवस रेटतो. त्यानंतर लगेच येते ती प्लक्षाच्या, म्हणजे पिंपळ-वडाच्या कुळातल्या एका झाडाच्या, कोंबाची उपमा. प्लक्षाचा कोंब ज्याप्रमाणे वाड्याची गच्ची फोडून आत शिरतो, त्याप्रमाणे शोकाचा खिळा त्याचे हृदय फोडून आत गेला. ज्याने फटीत रुजलेले पिंपळ-वडाचे रोप पाहिले आहे त्याला हे ठाऊक असते की, पहिली काही वर्षे ते अगदी निरुपद्रवी दिसते.

महाकाव्याला आठ वर्षे एका श्लोकात टाकून पुढे जाण्याची मुभा आहे, कारण त्याला दशरथापर्यंत पोहोचायचे आहे. कथेला तशी घाई नाही. तिचा विषयच ती आठ वर्षे आहेत. त्या उपवनात पुढच्या वसंतात कोण गेले, आंबा आणि प्रियंगू यांचे लग्न कुणी लावले की नाही, अशोकाची पहिली फुले कुणी तोडली, की माळ्याने ती राजाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून पहाटेच खुडून टाकली, यांतले काहीच कालिदासाने सांगितलेले नाही. मी सध्या जी कथा लिहितो आहे ती त्या माळ्याची आहे.